धोंड्याच्या पंगतीत आलेलं चित्र

माझे वडील रेल्वेत इंजिन चालवायचे. पूर्णा जंक्शनच्या क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो, आणि बाबा निवृत्त झाले तरी त्यांचं बोलणं काही इंजिनातून खाली उतरलं नाही. मी पुण्याला पीएचडीला लागल्यापासून दर रविवारी त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला.

"दिसलं का?"

"न्हाई दिसलं, बाबा."

"न्हाई दिसलं," ते शांतपणे म्हणायचे, आणि मग जेवलीस का, झोप होती का, जावई काय म्हणतात, अशी बाकीची गाडी सुरू व्हायची.

हे माझंच वाक्य परत म्हणणं म्हणजे त्यांची नोकरीतली सवय. इंजिनात दोघं असतात. लांबचा सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं सांगायचा आणि दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तेच मोठ्यानं परत म्हणायचं. एकट्याचं दिसणं धरत नाहीत. लाल असेल तर थांबायचं, चिडायचं नाही. बाबा कधीच चिडले नाहीत. चिडायचं खातं घरात माझ्याकडे होतं. मी इतकी तापट की लहानपणी रागानं भिंतीवर फेकलेल्या वाटीचा पोचा आई अजून पाहुण्यांना दाखवते. त्यामुळे मी जगातल्या सगळ्यात गार वस्तूवर काम करते हे कळल्यापासून नातेवाइकांना आयताच विषय मिळालेला. पोखर्णीचे माझे काका तर भेटतील तिथे म्हणायचे, "परभणीच्या उनातली पोरगी, तिच्यायला त्यात अशी तापट, अन् करायली काय तर थंडी! अगं, आमच्या कूलरचं बग की जरा."

मला जे बघायचं होतं ते थोडक्यात सांगते. लिथियम म्हणजे तेच, मोबाइलच्या बॅटरीतलं. त्याचे अणू आम्ही भट्टीत तापवून सोडायचो, समोरून लेझरचा मारा करून त्यांचा वेग मोडायचो, हवा उपसून काढलेल्या एका पेटीत प्रकाशानंच धरून ठेवायचो आणि गार करत न्यायचो. शेवटची पायरी म्हणजे बाबा बशीत चहा ओतून फुंकतात तेच. जे जास्त तापलेले ते उडून जातात, उरलेले गार होतात. फक्त आमची बशी इतकी गार व्हायची की ज्याच्या खाली थंडी असूच शकत नाही त्या टोकापासून ती केसभर अंतरावर असायची. केससुद्धा जाडच म्हणायचा.

मग त्यांच्यावर समोरासमोरून लेझर सोडायचे. लाटेवर लाट येते आणि प्रकाशाचेच खळगे तयार होतात, आप्पेपात्रासारखे, ओळीनं. त्यात हे अणू बसतात. ही फर्मिऑन जात मोठी हट्टी. एकसारखे दोघं एका खळग्यात बसणार नाहीत म्हणजे नाहीत. त्यांच्या दोन तऱ्हा असतात, आम्ही एकीला वर म्हणतो, दुसरीला खाली. वेगळ्या तऱ्हेचे दोघं बसतील एकत्र, पण कुरकुर करत, एकमेकांना ढकलत. ही ढकलाढकली वाढवली की एकदम सगळं बदलतं. इतका वेळ मोकळे हिंडणारे अणू जागच्या जागी बसतात, खळग्यात एकेक, गच्च. हलायचं म्हटलं तरी शेजारची जागा भरलेली. तेच अणू, तेच खळगे, आणि अवस्था वेगळी, पाण्याचं बर्फ व्हावं तशी.

इथवर आमचं यंत्र पोचलं होतं. मला त्याच्या पुढचं हवं होतं. अजून गार केलं की त्या गच्च बसलेल्या गर्दीत एक गंमत होते. जागा कुणीच सोडत नाही, पण शेजारी शेजाऱ्याशी आपली तऱ्हा बदलून घेतो. त्या देवाणघेवाणीतून, कुणी न सांगता, मांडणी होते: वर, खाली, वर, खाली, आडवी आणि उभीही. आता एका तऱ्हेचे अणू उडवून लावले आणि उरलेल्यांचा फोटो काढला तर बुद्धिबळाचा पट दिसायला हवा. जगात इतरांनी तो पाहिलेला होता. पण आम्ही स्वतःच्या हातांनी बांधलेल्या यंत्रात तो दिसत नव्हता, आणि तो दिसल्याखेरीज माझा खरा प्रश्न विचारताच येत नव्हता. या पटातले थोडे अणू काढून घेतले, थोडी मोकळीक दिली, तर उरलेले काय करतील? त्या प्रश्नासाठी मी पीएचडीला आले होते.

आणि अशात प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. यंत्र उघडायचं म्हणजे पेटीत हवा शिरणार, आणि ती परत उपसून सगळं मार्गावर आणण्यात पुढचे कितीतरी महिने जाणार. सरांनी मला बोलावून समजुतीनं सांगितलं, तोवर दिसलं नाही तर प्रबंध यंत्राच्या बांधणीवर लिही. चांगला होईल. मी मान डोलावली आणि बाहेर येऊन दार आपटलं. स्वयंपाकघर कसं बांधलं याचं पुस्तक लिहायचं, आणि जेवण कुणी केलंच नाही!

त्यात मुख्य लेझर बिघडला. दुरुस्त झाला तेव्हा यंत्र बंद व्हायला एक दिवस उरला होता, आणि नेमक्या त्याच दिवशी पोखर्णीला माझं धोंड्याचं जेवण होतं.

अधिक महिना होता. आमच्याकडे या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, वाण देतात. लग्नानंतरचा आमचा पहिलाच धोंडा, काकांनी कुलदैवताच्या गावी, नरसिंहाच्या पायाशी करायचा म्हणून मांडव घातलेला, भावकी बोलावलेली. मी आईला फोनवर म्हटलं, ह्यांना एकट्यांना पाठवते. आई म्हणाली, "जावई एकलेच बसतील का पाटावर? शेजारी काय तुजा लेझर मांडायचा?" लेझरला अधिक महिना कळत नाही आणि आईला लेझर. मी चरफडत बसमध्ये बसले.

यंत्रापाशी माझा सहकारी राहिला. आम्ही दोघांनी मिळूनच ते बांधलेलं, आणि आमचा नियम होता की मोठा निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा. तो फोटो पाठवणार, मी बघणार, मग पुढचं पाऊल. वेळ शेवटच्या एका खेपेपुरताच होता: यंत्र एकदा जुळवायचं आणि मग फोटोमागून फोटो काढत राहायचे. संध्याकाळी यंत्राची वीज जाणार होती.

पोखर्णीत पोचल्यावर कळलं की माझ्या फोनला रेंज येते ती फक्त ओसरीच्या टोकाच्या खिडकीत. तिथे फोन उभा करून ठेवला आणि ठरवलं की वाजला की पळत जायचं. हे ठरवताना मी पंगत विसरले.

भर दुपारची वेळ. ओसरीभर एकच लांब ओळ, खांद्याला खांदा लावून भावकी बसलेली. मध्यभागी रांगोळी काढलेले दोन पाट, त्यांवर मी आणि नवरा. ओरडणाऱ्या पोरासोरांची पंगत काकांनी बाहेर लिंबाखाली हाकललेली, त्यामुळे आत कसं शांत. बाबा वाढपी. इंजिन चालवलेला माणूस कमरेला टॉवेल गुंडाळून वरणाची बादली घेऊन फिरत होता. श्लोक झाला, पहिला घास घेतला, आणि खिडकीत फोन वाजला.

मी उठायला गुडघा टेकवला.

"ए ए ए!" काका लांबून ओरडले. "उटायलीस कुटं? लेक-जावई उटले की पंगत मोडली समज!"

आमच्याकडे सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून उठत नाहीत, आणि ही तर आमच्याच नावाची पंगत. मी उठले असते तर घास हातात धरलेल्या सगळ्या माणसांना उपाशी उठावं लागलं असतं. मी बसले. डावीकडे भिंत करून माणसं, उजवीकडे माणसं, समोर पत्रावळी, मागे खरीखुरी भिंत. कानशिलं तापली. रडू येईल असं वाटलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बादली हातात तशीच ठेवून त्यांनी खिडकीपाशी बसलेल्या चुलतभावाला सांगितलं, "तो फोन दे बरं इकडं सरकवून. हातोहात येऊ द्या."

उजवे हात खरकटे, म्हणून फोन डाव्या हातांनी निघाला. कुणीही जागा सोडली नाही, आणि फोन मात्र ओळीतून माझ्याकडे सरकायला लागला. प्रत्येकजण शेजाऱ्याला देण्याआधी त्यात डोकावून घेत होता.

"हे काय, साबुदाणा सांडलाय व्हय?"

"द्या हो मामा पुढं, तिचं काम हाय!"

मोठ्या आत्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण, खिडकीपासून थोड्याच अंतरावर बसलेल्या. "काम हाय" हे त्यांच्या कानावर पडलं. कामाची वस्तू हातात आली की आत्या तिला आधी नमस्कार करतात, मग ती दुकानातला तराजू असो की शाळेची पाटी. त्यांनी फोन डाव्या तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि भक्तिभावानं कपाळाला लावला. चांगला दाबून लावला.

फोन माझ्यापर्यंत आला तेव्हा पडद्यावर कुंकू होतं. ते पदरानं पुसून मी बघितलं. फोटोत अणू गच्च बसलेले, पट नाही. खाली सहकाऱ्यानं विचारलेलं: "शेवटची खेप. जुन्याच पद्धतीनं करू ना?" आणि त्याच्याखाली, माझ्या नावानं, गेलेलं उत्तर. उंचावलेला अंगठा. फोन स्वतःहून तयार उत्तरं पुढे करतो ना, त्यातलं एक आत्यांच्या कपाळानं पसंत केलं होतं, आणि तिथवर रेंजही होती.

"आत्या!" मी किंचाळले. "तुमी हो म्हणालात त्याला!"

"मी? मी कशाला बोलू परक्या माणसाला!" आत्या घाबरल्या. "मी नुसत्या पाया पडले."

हसू की रडू कळेना. एरवी मी पत्रावळच उधळली असती, पण वेळ नव्हता. बाहेर लिंबाखाली पोरांचा धुडगूस चालला होता आणि आत ओळ स्थिर बसलेली होती. मला तेच करायचं होतं, कित्येक दिवसांपासून. खळग्यांच्या मैदानाभोवती रुंद, विरळ काठ ठेवायचा, म्हणजे सगळी धावपळ, सगळी उरलीसुरली उष्णता त्या काठावर जाते आणि मधले निवांत होतात. युक्ती माझी नव्हती, इतरांनी वापरलेली होती. तिच्यात मध्ये अणू कमी उरतात म्हणून आम्ही भीत होतो. पण आता भिऊन काय राखायचं होतं?

डाव्या हाताच्या बोटानं मी लिहिलं: "अंगठा माझा नाही! थांब! काठ रुंद कर, मध्ये कमी भर!" माझ्या पाटापाशी रेंज नव्हती, संदेश जागीच फिरत राहिला.

"खिडकीत पोचवा! लवकर! कुणी कुठं दाबू नका!"

आणि मग आमच्या भावकीनं जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. फोन ओळीतून असा धावला की बघता बघता डोळे फिरले. डावा हात, डावा हात, डावा हात. कुणी घास तोंडातच धरून ठेवलेला. आत्यांनी तर फोनला हातच लावला नाही, पदराच्या झोळीत झेलला आणि झोळीतूनच पुढे टाकला. काका ओसरीच्या मध्यभागी उभे राहून हात उंचावून ओरडत होते, "तमाम लोकांनी आपापले मोबाइल बंद करा! रेंज पोरीच्या फोनला जाऊ द्या!" असं काही नसतं हे सांगायलाही मला सुचलं नाही. म्हाताऱ्यांनी कोपरांनी खिसे चाचपले आणि खरंच फोन बंद केले.

"गेला!" खिडकीतून चुलतभाऊ ओरडला. थोड्या वेळानं परत, "उत्तर आलंय! 'बरं झालं, हात घातलाच होता. काठ रुंद करतोय.'"

ओळीतून मोठा श्वास सुटला. कशासाठी सुटला हे नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पण एवढ्या माणसांच्या हातून गेलेली गोष्ट आता सगळ्यांचीच झाली होती.

मग वाट बघणं. धोंडे आले, त्यावर तूप आलं, आमरस आला. मला घास उतरेना. पलीकडचे मामा विचारायला लागले तशी मी सांगायला लागले, भराभर, हातवारे करत. अणू जागा सोडत नाहीत, पण शेजाऱ्याशी देवाणघेवाण करतात, आणि तेवढ्यानं सगळ्या मैदानाची मांडणी बदलते. "म्हंजे आता आमी फोन दिला तसं," मामा म्हणाले आणि रस ओरपायला लागले. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "तुझा प्रबंध झाला, मामांनी एका वाक्यात संपवला." मी त्याला कोपर मारलं.

सगळ्यांची जेवणं आटोपत आली. पानं रिकामी झाली, बोटं वाळली, आणि कुणीही उठायचं नाव घेईना. खरं तर आता माझ्याच पानात काय ते उरलं होतं. काका पंगतीला म्हणत होते, "सावकाश होऊ द्या," आणि डोळे त्यांचे खिडकीकडे.

फोन वाजला.

या वेळी कुणी डोकावलं नाही. फोन गुपचूप, कडा धरून, एका डाव्या हातातून दुसऱ्या डाव्या हातात आला. आत्यांनी श्वास रोखून तो पुढे दिला आणि नमस्कार नंतर केला, रिकाम्या हातांनी.

मी बघितलं.

कडेला विस्कटलेलं होतं. खालच्या कोपऱ्यात एक रेघ चुकलेली. पण मध्ये, त्या लहानशा मैदानात, एक ठिपका, एक काळं, एक ठिपका, एक काळं, आणि खालच्या ओळीत बरोबर उलटं, आणि त्याखालच्या ओळीत परत तसंच. एवढ्यावर भागणार नव्हतं, तशी चित्रं ढिगानं जमवून मोजावं लागणार होतं, आणि सहकारी संध्याकाळपर्यंत ती काढणार होता. पण पट होता. तो होता! खाली त्यानं लिहिलं होतं: "मला दिसतोय. तुला दिसतोय का? खरं सांग."

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. नवरा सांगतो की मी "अरे देवा" असं काहीतरी ओरडले आणि द्रोणातला रस त्याच्या नव्या धोतरावर गेला. कडेची म्हातारी माणसं हसायला लागली, बाहेरची पोरं आत धावत आली, आणि काका विचारत होते, "झालं का? थंड झालं का?" मला आनंदानं नुसतं फुटायला झालं होतं, आणि अजूनही मी पाटावरून उठू शकत नव्हते.

तेवढ्यात बाबा समोर आले. वाढपी पंगतीत बादली खाली ठेवत नाही. बाबांनी ती ठेवली. टॉवेलला हात पुसले, नीट, बोटन् बोट. खिशातून चष्मा काढला आणि माझ्या पानासमोर उकिडवे बसले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

ते खूप वेळ बघत राहिले. बोट पडद्याला न लावता, वरच्या वर, खळग्याखळग्यावरून फिरवत होते. एक भरलेला, एक रिकामा. ओळ संपली, खालची घेतली. एक रिकामा, एक भरलेला. पुटपुटत होते. मग चष्मा काढला, ताठ उभे राहिले आणि इंजिनातल्या त्या आवाजात, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"दिसलं!"

आणि तसेच उभे राहिले. बादली उचलेनात. मला आधी कळलंच नाही ते कशासाठी थांबलेत. मग कळलं. इतकी वर्षं माझं "न्हाई" ते परत म्हणत आले होते. आज सांगणारे ते होते, आणि परत म्हणायची पाळी माझी होती.

"दिसलं, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, बादली उचलली आणि माझ्या भातावर वरण वाढलं.